समुद्रात गेलेला ठिपका

आमच्या ऑफिसात संध्याकाळी सहाला भजी यायची, आणि त्या दिवशी ज्याचा सर्वांत जास्त अपमान झाला असेल त्याच्यापुढे प्लेट ठेवली जायची. हा नियम जुन्या साहेबांचा. आम्ही इंजिन ऑइल आणि ग्रीस विकायचो, अजूनही विकतो. कळंबोलीचे ट्रकवाले, पळस्प्याच्या आसपासची गॅरेजं, उरण-करंज्याच्या मच्छीमार बोटी ही आमची गिऱ्हाइकं. पनवेलात एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं सेल्स ऑफिस. दिवसभर हिंडून माणसं परत यायची आणि एकेक जण आपला नकार सांगायचा. कुणाच्या अंगावर कुत्रं सोडलेलं असायचं. कुणाला ऐकवलेलं असायचं की, तुझ्या तेलापेक्षा माझ्या बायकोचं खोबरेल बरं. सगळ्यांचं सांगून झालं की साहेब न्यायाधीशासारखे डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे.

या खेळात मी अजिंक्य होतो. खरं सांगायचं तर माझे निम्मे अपमान पळस्प्याहून परत येताना स्कूटरवर रचलेले असायचे. साहेबांना ते कळायचं. भजी माझ्याकडे सरकवत ते म्हणायचे, "अपमान खोटा आहे, पण मेहनत खरी आहे."

मला टक्कर देणारा एकच माणूस होता, दादूस. करंज्याचा कोळी, माझ्याच वयाचा, पन्नाशी उलटलेला. सगळं घर मासेमारीत, पण याला लहानपणापासून बोट लागायची. जेट्टीवर उभा राहून नुसती हलती बोट बघितली तरी याचा चेहरा पांढराफटक व्हायचा. म्हणून घरच्यांनी त्याला जमिनीवरच्या नोकरीत ढकलला, आणि नशिबाने नोकरीत त्याच्या वाट्याला बोटीच आल्या. रोज तेच गिऱ्हाईक, तोच वास. ही गोष्ट तो इतकी रंगवून सांगायचा की मी माझा खोटा अपमान गिळून भजीची प्लेट स्वतःच त्याच्याकडे सरकवायचो.

जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पांढरे शुभ्र बूट, बोलणं अतिशय गोड. आम्हा सगळ्यांना ते 'सर' म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी 'सर' म्हटलं आणि पहिल्यांदाच त्या शब्दाची भीती वाटली.

पहिल्याच सोमवारी भजी बंद झाली. "सर, आपण दिवसाचा शेवट निगेटिव्ह गोष्टींनी का करतो?" साहेबांनी विचारलं. दुसऱ्या सोमवारी भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि त्यावर नकाशा आला. नकाशात आम्ही होतो, प्रत्येकाचा एक हिरवा ठिपका. कंपनीच्या फोनमधून आम्ही कुठे आहोत ते त्या टीव्हीला सतत कळत राहायचं. ठिपका एका जागी चाळीस मिनिटं थांबला की लाल व्हायचा. महिन्यात तीन वेळा लाल झाला की पत्र. तीन पत्रं झाली की नोकरी संपली.

आता तेल विकायला बसावं लागतं हो. गॅरेजवाला आधी त्याच्या मेव्हण्याचं लग्न सांगतो, मग सरकारला शिव्या देतो, मग चहा मागवतो, आणि तासाभराने विचारतो की डबा केवढ्याला. आम्ही आता तिसाव्या मिनिटाला उठू लागलो. माझी तर अशी गत झाली की गिऱ्हाइकाशी बोलताना मी गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचो. कळंबोलीचा एक सरदारजी शेवटी म्हणाला, "भाईसाब, बाथरूम उधर है."

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. रात्री झोपेत बायको कूस बदलायला सांगायची तेव्हा मी दचकून विचारायचो, किती मिनिटं झाली?

ऑफिसात बोलणं बंद झालं. डबे वेगवेगळ्या वेळी उघडू लागले. एखादा जागेवर नसला की बाकीचे आधी टीव्हीकडे बघायचे. कुणाचा ठिपका लाल झाला की, मी खोटं बोलत नाही, छातीत पहिल्यांदा सुटकेचा श्वास यायचा, की आपला नाही. त्या श्वासाची मला अजून लाज वाटते. आमच्यातला एक जण तिसऱ्या पत्रानंतर गेला. चहाचा मग तो खिडकीत विसरला होता. दोन महिने तो मग तिथेच राहिला. कुणी धुतला नाही, कुणी फेकलाही नाही.

आणि त्याच काळात दादूसच्या बायकोचं डायलिसिस सुरू झालं. पनवेलच्या हॉस्पिटलात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. पहिल्याच वेळी तिचं बीपी एकदम खाली गेलं आणि जवळ घरचं कुणी नव्हतं. त्यानंतर ती म्हणाली, तुम्ही बसणार असाल तर मी जाईन, नाहीतर नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. खर्च कंपनीच्या विम्यातून व्हायचा, आणि विमा नोकरी असेपर्यंतच.

दादूस रजेसाठी साहेबांकडे गेला. शिल्लक रजा केव्हाच संपली होती. मी काचेबाहेरून बघत होतो. साहेब फार प्रेमाने बोलत होते, मान हलवत होते, मध्येच दादूसच्या हातावर त्यांनी हात ठेवला. मला वाटलं, काम झालं.

दादूस बाहेर आला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"बोल्ले, सर, मी तुमचं दुःख समजू शकतो."

"आणि?"

"आणि फील्डवरचा माणूस आठवड्याला दोन दिवस फील्डवर नसंल तर त्याला फील्डवरचा माणूस म्हनता येत नाय."

त्या महिन्यात त्याचा ठिपका हॉस्पिटलावर चार वेळा लाल झाला. पुढच्या महिन्यात अठरा तारखेपर्यंत पाच वेळा. दोन पत्रं आली. ती त्याने शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली होती, घामाने त्यांची शाई फुटली होती. आणखी एक पत्र, की नोकरी गेली, आणि नोकरीमागून ती खुर्ची, ती सुई, ते मशीन, सगळंच.

कल्पना माझी होती, हे मी कबूल करतो. आमच्या मंडळाच्या नाटकांत मी वीस वर्षं खलनायक केलेला आहे, कट शिजवायची हौस अंगात मुरलेली. मी म्हटलं, "दादूस, साहेबांना तू नकोच आहेस. त्यांना तुझा ठिपका हवाय. ठिपका मला दे."

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारात त्याने आपला कंपनीचा फोन माझ्या हातात ठेवला. मी स्कूटर उरणच्या रस्त्याला लावली. टीव्हीवर दोन हिरवे ठिपके जोडीने करंज्याला निघाले. दोघांनी मिळून गिऱ्हाईक करण्याला साहेबांची हरकत नव्हती, उलट त्याला त्यांचं एक इंग्रजी नाव होतं आणि ते त्यांना आवडायचं.

तीन आठवडे हे चाललं. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. उजव्या खिशात माझा फोन, डाव्या खिशात दादूसचा. डावा खिसा थरथरला की मांडीपासून गार लहर वर यायची. एकदा साहेबांनीच त्याला फोन केला. मी कंटेनरांच्या रांगेत स्कूटर थांबवली, तोंडाला रुमाल लावला आणि दादूसच्या आवाजात सांगितलं, "साहेब, बोटीचं इंजिन चालू हाय, आयकू येत नाय." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी आणि सर्वांत चांगली भूमिका.

मग तो शुक्रवार आला.

मी करंज्याच्या जेट्टीवर होतो, साडेदहा झाले होते. उजवा खिसा वाजला. साहेब. "सर, साडेअकरापर्यंत कळंबोलीला या. मोठा ट्रान्सपोर्टर आहे, मीपण येतोय. दादूस सरांना तिकडेच राहू द्या, बोटींचं टार्गेट मागे आहे."

मी दोन्ही फोन हातात घेऊन बघत उभा राहिलो. दोन ठिपक्यांची फारकत करायची होती आणि माणूस एकच होता.

समोर एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, जाळं आवरत बसला होता. आमचं जुनं गिऱ्हाईक, दादूसच्या गावकीतला. मी त्याच्यापुढे फोन धरला. "हा दादूसचा फोन. तीनपर्यंत सांभाळ. एका जागी ठेवू नकोस, हलता ठेव. बंद करू नकोस. दादूसच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"हलता ठेवू," तांडेल म्हणाला. त्याने फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि बनियनच्या आत सरकवला. काम नीट समजलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मी निश्चिंत होऊन स्कूटरला किक मारली.

कळंबोलीत ट्रान्सपोर्टरच्या केबिनमध्ये साहेब माझ्या शेजारी बसले होते. बारा वाजून गेले असतील. माझा फोन वाजला. ऑफिसात बिलिंग सांभाळणाऱ्या ताई. कटात त्या नव्हत्या, पण आंधळ्याही नव्हत्या. मी माफी मागून दाराशी गेलो.

"अहो, दादूस कुठे आहेत?" ताई कुजबुजल्या.

"करंज्याला."

"करंज्याला नाहीत. पाण्यात आहेत."

"कुठल्या पाण्यात?"

"टीव्हीवर निळं आहे ते. आणि अजून पुढे चाललेत."

मी परत येऊन बसलो. समोर ट्रान्सपोर्टर काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. ऑर्डर मिळाली की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

परत येताना साहेबांनी स्कूटर तिथेच ठेवायला लावून मला त्यांच्या गाडीत घेतलं. काचा बंद, एसी चालू. पुलावर चढलो आणि साहेबांनी सवयीने फोन उघडला. त्यांचा अंगठा थांबला. "सर," ते म्हणाले, "हे काय आहे?"

हिरवा ठिपका खुल्या समुद्रात होता. आम्ही दोघं बघत असतानाच तो राखाडी झाला. राखाडी म्हणजे फोनची रेंज गेली. असा रंग असतो हेही मला तेव्हाच कळलं.

साहेबांनी दादूसचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. त्यांनी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगितली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्यांना पोहता येतं का?"

तो आवाज त्यांचा नव्हता. एवढ्या महिन्यांत त्या माणसाला घाबरलेला मी पहिल्यांदा बघत होतो. घाबरलेला माणूस घाबरलेल्या माणसाला लगेच ओळखतो.

"त्यांच्या घरी फोन करतो," ते म्हणाले.

घरचा फोन म्हणजे बायकोचा फोन. आणि बायको या क्षणी पनवेलात मशीनला जोडलेली, शेजारी समुद्रात बुडालेला दादूस तिला मोसंबी सोलून देत बसलेला.

"घरी नको, साहेब," मी म्हणालो, "वहिनींना बीपीचा त्रास आहे." आणि मग माझं तोंड आपोआप चालू झालं. गोष्ट थांबेना. दादूस बोटीवर गेलाय. आपल्या नव्या ऑइलची चाचणी. भर समुद्रात, पूर्ण लोडवर, इंजिन किती तापतं ते दर अर्ध्या तासाने लिहून आणणार. तांडेल म्हणाला, जेट्टीवर बसून कुणीही तेल विकेल, हिंमत असेल तर चल माझ्याबरोबर. दादूस चढला.

"मला न विचारता?" साहेबांनी विचारलं, आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव बघून त्यांनी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. फोनवर बोलायला बटण कशाला लागतं? पण मीही साहेबांचा फोन आला की स्कूटरवर ताठ बसायचो.

पलीकडचा, साहेबांच्याही साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "तुमचा एक माणूस समुद्रात का आहे?"

म्हणजे आमचा टीव्ही वरही कुठेतरी लागलेला होता. आणि त्या टीव्हीवर साहेबांचासुद्धा ठिपका असणार, जो आत्ता पुलाच्या कडेला विनाकारण थांबलेला होता.

साहेबांच्या कपाळावर एसीत घाम आला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "सर, ट्रायल आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "नवीन ऑइलची. भर समुद्रात, पूर्ण लोडवर. दर अर्ध्या तासाने टेंपरेचर नोट करतोय आपण." माझं वाक्यन् वाक्य. मग एक श्वास घेऊन त्यांनी शेवटी भर घातली, "कल्पना माझीच होती."

पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

पाच वाजता दादूस ऑफिसात आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो माझ्याकडे फोन घ्यायला आला होता. जिन्यात ताईंनी त्याला सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की तो मागच्या पावली पळेल, अंग भिजवून येईल, निदान हेलकावे खात तरी आत शिरेल. पण या माणसाला खोटं रचता येत नाही, म्हणूनच तर त्याची गोष्ट माझ्या गोष्टीला हरवायची. तो हॉस्पिटलची फाइल हातात घेऊन सरळ साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. मी त्याच्यामागून आत शिरलो.

"साहेब, मी बुडालो नाय. मी समुद्रात गेलोच नाय. चार तास हॉस्पिटलात व्हतो, मागलं तीन आठवडं तितंच व्हतो. फोन यानं फिरवला, पन माझ्यासाठी फिरवला. तिसरं पत्र मला द्या. याला नको."

टेबलावर फाइल ठेवली त्याने. वरच्या कागदावर मोसंबीचा डाग होता.

मी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होतो. ऑफिसावर दादूस सोडून आमचे सगळे ठिपके एकमेकांवर चढलेले होते, आणि आम्ही तिथे किती मिनिटं उभे आहोत हे मी मनात मोजत होतो. तेवढ्यात टेबलावर साहेबांचा फोन थरथरला. तिघंही दचकलो. साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात आम्हाला सांगितलं, "वरून आलंय. ट्रायल आवडली त्यांना. आठवड्यातून दोनदा करा म्हणतात. व्हिडिओसकट."



त्यांनी उठून काचेचं दार लावलं. खाली बसून फाइल उघडली, त्यातला तारखांचा कागद बोटाने खालपर्यंत वाचला. "मंगळवार," ते म्हणाले, "आणि शुक्रवार." फाइल बंद करून त्यांनी दादूसकडे सरकवली. मग माझ्याकडे बघितलं. "दादूस सरांचा फोन बोटीवर जाईल. सर, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही, साहेब."

"मग लाइफ जॅकेट घ्या."

तिसरं पत्र आलं नाही. माफीही आली नाही, आणि ती दोन पत्रं अजून दादूसच्या फाइलला लावलेली आहेत. साहेब त्या दिवसापासून माझ्याशी एकट्याने बोलायचं टाळतात. आमचं गुपित त्यांच्याकडे आहे आणि त्यांचं आमच्याकडे, आणि कुणाचं आधी फुटेल या धास्तीत आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागतो.

तांडेलाला मी झापायला गेलो होतो. तो जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "तुमीच बोल्लात, हलता ठेव. बोटीपरीस हलती जागा दुनियेत हाय कुठं?"

तर आता आठवड्यातून दोनदा, वयाच्या या टप्प्यावर, मी समुद्रात जातो. नारिंगी जॅकेट घालून, इंजिनशेजारी मांडी ठोकून, दोन खिशांत दोन फोन. मला पाण्याची भीती वाटते. किनारा बारीक होत जातो तशी माझी हिंमतही बारीक होते. लाटेवर बोट उचलली गेली की मी तांडेलाचा पाय धरतो, आणि तो माझ्याकडे न बघता म्हणतो, "सोडा, काका, मला सुकाणू धरायचाय." मग मी व्हिडिओ काढतो, इंजिन किती तापलं ते कॅमेऱ्याला दणदणीत आवाजात सांगतो, कारण वर कुणीतरी तो बघतं. परवा कळलं की त्यांच्यापैकी एक जण एका शुक्रवारी स्वतः ट्रायलला यायचं म्हणतोय. त्या शुक्रवारी दादूसला बोटीवर दिसावं लागेल. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. साहेबांनाही सुचलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

गेल्या मंगळवारी बोट परत वळली आणि रेंज आली तसे दोन मेसेज एकदमच आले. पहिला साहेबांचा. "ठिपका दिसला. ठीक." तीनच शब्द. रेंज गेल्यापासून ते फोन हातात घेऊन बसले असणार.

दुसरा वहिनींच्या नंबरवरून, पण लिहिणारा कोण ते ओळखायला पहिला शब्द पुरला. "नाटक्या, आज चार तास नीट झालं. बीपी बरा हाय. पन सिस्टरनं मला वॉर्डाच्या भायेर काढला. बोल्ली तुमच्या बडबडीनं बाकीच्या पेशंटना झोप येत नाय. सगळ्या वॉर्डासमोर बोल्ली. आजची भजी माझी."

मी जॅकेटाला हात पुसले. बोट अजून हलत होती आणि अक्षरं दोन-दोन दिसत होती. मी लिहिलं, "मी तांडेलाच्या जेवणाच्या डब्यात ओकलो. झाकण उघडं होतं. भजी माझी."

उत्तर आलं, "खरा का खोटा?"

मी तांडेलाकडे बघितलं. तो डबा समुद्रात बुडवून घासत होता.